जुन्या मीटरचा शेवटचा आकडा

महोदय,

स्मार्ट मीटर पळतो की नाही, यावर सगळीकडे वाद चालू आहे. माझं भांडण नव्या मीटरशी नाहीच. जाता जाता जुन्याने जो घोळ घातला, त्याच्याशी आहे.

मी घरी शिवणकाम करते. मशीन विजेवर चालतं, म्हणून दर एक तारखेला जिन्याखालच्या मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहून ठेवायची सवय आहे. मीटर बदलला त्या महिन्याच्या एक तारखेला १८,०९४ होतं. नऊ तारखेला दुपारी कापड आणायला बाहेर गेले, परत येते तो जिन्याखाली नवा मीटर. शेजारच्या काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "दोन पोरं आली होती, दहा मिनिटांत आटपून गेली." ना आधी निरोप, ना नंतर हातात कागद.

बिल आलं आणि डोळे पांढरे झाले. जुन्या मीटरचं अंतिम रीडिंग १८,७३१. आठ दिवसांत ६३७ युनिट! आम्हाला महिन्याला दीडशेही लागत नाहीत. त्यात घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे हे जादा युनिट थेट वरच्या दरात जाऊन बसले.

कार्यालयात तीन हेलपाटे घातले. पहिल्यांदा "नवा मीटर अचूक असतो, ताई" एवढंच ऐकवलं. अहो, पण नव्याबद्दल बोलतंय कोण? दुसऱ्यांदा जुना मीटर बघायला मागितला, तर तो म्हणे केव्हाच जमा झाला. तिसऱ्यांदा एका अभियंत्याने मीटर बदलल्याचा अहवाल काढला आणि कंत्राटदाराच्या माणसाने मोबाइलवर घेतलेला फोटोही शोधला. फोटोत स्वच्छ १८,१३१. अहवाल लिहिणाऱ्याने इंग्रजी एक असा नाकाळा काढला होता की पुढच्याने तो सात वाचला. ग्राहकाच्या सहीच्या जागी नुसती आडवी रेघ. बिल दुरुस्त झालं, त्या अभियंत्याचे आभार. पण माझं कॅलेंडर नसतं, तर तिसऱ्या खेपेपर्यंत मी टिकले असते का, शंकाच आहे.

या निमित्ताने नियम वाचले. वीज कायदा २००३ च्या कलम १६३ नुसार मीटर तपासायला किंवा बदलायला आवारात यायचं तर वाजवी वेळी आणि राहणाऱ्याला सांगून यावं लागतं. अर्थात दार अडवून धरण्यात शहाणपण नाही. प्रवेश नाकारला तर लेखी नोटीस देऊन २४ तासांनंतर वीज तोडता येते, हेही त्याच कलमात आहे. त्यापेक्षा मोबाइल घेऊन शेजारी उभं राहावं आणि जुना मीटर उतरवण्याआधी त्याचा आकडा आणि क्रमांक दोन्ही दिसतील असा फोटो काढावा.

आणखी एक गोष्ट मला कार्यालयात कोणीही सांगितली नाही. वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम २०२० मध्ये आले. त्यांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर पाच दिवसांत आणखी एक मीटर जोडून किमान तीन महिने वापर पडताळायचा आहे. नवा मीटर पळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी चहाच्या टेबलावर वाद घालण्यापेक्षा हा दुसरा मीटर लेखी अर्ज करून मागावा आणि अर्जाची पोच घ्यावी. त्याच नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार, स्मार्ट मीटरने जास्त भार (म्हणजे एका वेळी लागणारी वीज) नोंदवला म्हणून तो बसण्याआधीच्या काळासाठी दंड लावता येत नाही.

वीज कंपन्यांकडे माझी मागणी छोटी आहे. अहवालाची एक प्रत त्याच दिवशी ग्राहकाच्या हातात द्या, घर बंद असेल तर दाराच्या फटीतून सरकवा आणि जुन्या मीटरचा फोटो बिलावर छापा.

आमच्या मजल्यावर दोन घरांचे मीटर अजून बदलायचे आहेत. दोघींनीही कॅलेंडरवर रीडिंग लिहायला सुरुवात केली आहे. एकीने तर इंग्रजी एक म्हणजे नुसती उभी काडी, असं ठरवूनच टाकलंय.

आपली,
एक वीजग्राहक