लाइट हिरवा, नेट बंद

मिरज

प्रिय संज्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील तर तो राग रास्त आहे. पण परवा हॉस्पिटलात जे झालं ते इथं कुणाला सांगून कळायचं नाही. आम्ही सगळे बरे, आईचा गुडघा तसाच.

ड्रेनेजवाल्यांच्या जेसीबीनं कोपऱ्यावर नेटची फायबर तोडली. ओपीडी गच्च भरलेली, बिलिंग ठप्प, लॅबचे रिपोर्ट अडकलेले. आणि शेजारी 4जीचा राउटर, सिम चालू, रिचार्ज भरलेला, गप्प बसून! आधीच्या कंत्राटदारानं बॅकअप रूट 250 डिस्टन्सनं टाकून ठेवला होता, मेन रूट 1 वर; डिस्टन्स कमी तो रूट आधी. पण तुटलं ते कन्व्हर्टरच्या, म्हणजे फायबरचा सिग्नल साध्या केबलीत उतरवणाऱ्या डबीच्या, पलीकडं. कन्व्हर्टर ते आपला राउटर ही केबल धडधाकट, पोर्ट अप, लाइट हिरवा. मग मेन रूट राउटरच्या टेबलातून हलेल कशाला, आणि तो हलल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येणार कशी?

आता आयपी एसएलए लावलंय, म्हणजे राउटर स्वतःच ठरावीक वेळानं पिंग मारून लाइन तपासतो. मूळ सेटिंग 60 सेकंदांचं, मी दर 5 सेकंदांना पिंग ठेवलाय आणि मेन रूट ट्रॅकला बांधलाय, तपासणी फसली की रूट निघतो. इथं आपलं जुनं भांडण आलंच. तू म्हणायचास, गेटवेला, म्हणजे लाइनच्या पहिल्या टप्प्याला, पिंग पुरे. अरे, गेटवे जिवंत आणि त्याच्या वरची लाइन मेलेली, असं झालं तर? मी गूगलचा 8.8.8.8 आणि क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 दोन्ही धरलेत, दोन्ही गेले तरच लाइन गेली म्हणायची. आणि त्या दोघांचे रूट फक्त मेन लाइनवरून, परमनंट लावून, म्हणजे पोर्ट पडला तरी ते टेबलात राहतात. नाहीतर पिंग 4जीवरून जाऊन यशस्वी होतो, मेन रूट परत येतो, लगेच पडतो, आणि रात्रभर तो झोपाळा चालतो. हे तरी मान्य कर, हट्टी माणसा!

रात्री कन्व्हर्टरमधला पिवळा पॅचकॉर्ड स्वतः उपसला. बिलिंगची स्क्रीन थोडी अडली नि चालू झाली. जुन्या नॅट एंट्री, म्हणजे कुठलं सेशन कुठल्या लाइनच्या पत्त्यानं गेलं त्या नोंदी, साफ करणारी स्क्रिप्ट नसती तर उघडे सेशन लटकलेच असते.

तरी झोप लागत नाही. मॅनेजमेंट दुसऱ्या कंपनीची फायबर घेतंय, म्हणजे निर्धास्त, असं त्यांना वाटतं. मी गल्लीत जाऊन बघून आलो. दोन्ही केबली एकाच खांबावरून येणार आणि पुढं एकाच चरातून जाणार. एक जेसीबी दोन्ही घेऊन जाईल. मी सांगतोय, दुसरी मागच्या रस्त्यानं आणा, नाहीतर 4जी काढू नका. ते खर्चाचा कागद पुढं करतात. ज्याचा रिपोर्ट अडकतो तो माणूस बाकड्यावर ताटकळतो रे, त्याचं काय?

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिऊची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

आणि एक सांग. 4जी सिमला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून गाठता येईल असा पत्ता, नाही, त्यामुळं सांगलीच्या लॅबकडून टनेल (दोन जागांमधली खाजगी जोडणी) चढत नाही. आमच्याकडूनच सुरू करायचा म्हणतोय. तुमच्या बँकेच्या शाखांना कसं केलंयस? कॉन्फिग पाठव, पासवर्ड काढून. रविवारी फोन करतो.

तुझा,
बाळ्या