दंडवत्यांची दोन इंचाची गादी

मा. संपादक, स. न. वि. वि.

परवा कोकणकन्येनं कणकवलीला येत होतो, स्लीपरचा डबा, मधला बर्थ लावताना समोरचा कॉलेजातला मुलगा म्हणाला काका ही गादी किती पातळ आहे हो. म्हटलं बाबा रे, ही दोन इंचाची गादीसुद्धा कोणीतरी आठवणीनं घातलीय, आधी इथं नुसती फळी होती. त्याला खरंच वाटेना. मधु दंडवत्यांनी घातली सांगितलं तर नावच माहीत नाही, आणि मुलगा सावंतवाडीचा! म्हणजे ज्या राजापूर मतदारसंघानं दंडवत्यांना १९७१ पासून लागोपाठ पाच वेळा लोकसभेत पाठवलं, ८४ च्या काँग्रेसच्या लाटेतसुद्धा पाठवलं, तिथलाच. रात्रभर ते डाचत राहिलं म्हणून हे पत्र.

लहानपणी आम्ही नागपूरला मामाकडे जायचो तेव्हा आई जुन्या गोधडीची चौघडी करून बरोबर घ्यायची, ती बर्थवर टाकायची, तरी सकाळी उठलो की कमरेच्या हाडावर लाकडी पट्टीचा लालभडक वळ असायचाच. १९७७ ला जनता सरकार आलं, दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर फोम घालायला घेतला. त्यांचं म्हणणं साधं होतं, पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचं. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, तिला पहिला वर्गच ठेवला नाही. ७४ च्या रेल्वे संपात ज्या कामगारांना काढून टाकलं होतं त्यांना परत कामावर घेतलं, त्या घरांत तेव्हा काय वाटलं असेल विचार करा.

माणूस मूळचा नगरचा, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. गोव्याच्या सत्याग्रहात होते, आणीबाणीत ते बंगळूरच्या जेलमध्ये आणि प्रमिलाताई येरवड्याला, नवरा-बायको दोघंही आत आणि मधे फक्त पत्रं. हे सगळं सोसून मंत्री झालेल्या माणसाला आधी आपल्या पाठीखालची फळी आठवली, मला याचंच जास्त अप्रूप वाटतं.

आणि कोकण रेल्वे! आधीचे खासदार नाथ पै गेल्यावर राजापूरची जागा दंडवत्यांकडे आली आणि रेल्वेचा विषय त्यांनी कधी सोडला नाही. व्ही. पी. सिंग सरकारात ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा योग जुळून आला, १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ झालं, केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ चारही राज्यांचे पैसे आले, बाकीचे कर्जरोखे काढून उभे केले. आणि लगेच ९१ च्या निवडणुकीत आपण कोकणी माणसांनीच त्यांना पाडलं. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा ते आपले खासदार नव्हते, हे मला आजही लागतं. २००५ च्या नोव्हेंबरात गेले तेव्हा देहसुद्धा जे. जे. हॉस्पिटलला दिला, म्हणजे आपल्याकडे समाधी वगैरे काही नाही जिथं मुलांना नेऊन दाखवावं.

सावंतवाडी टर्मिनसला त्यांचं नाव द्या अशी मागणी आमच्याकडचे प्रवासी करतायत, ती मान्य व्हावीच. पण नुसतं नाव लावून तो मुलगा परत विचारेल हे कोण. म्हणून रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशा मोठ्या स्टेशनांवर तरी एकेक फलक लावा, फोटो, खाली गादीची गोष्ट, गीतांजली, ७४ चे कामगार आणि कोकण रेल्वे, दहा ओळी बास झाल्या. फक्त मराठीत मोठ्या अक्षरात लिहा आणि लोक गाडीची वाट बघत बसतात त्या बाकांसमोरच लावा, मास्तरांच्या ऑफिसात आत नको.

एक प्रवासी, कणकवली