मंत्रीसाहेब, गोळ्या सुरू करणारे चार जण, बंद कोण करणार?

माननीय आरोग्यमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

दर रविवारी रात्री मी आईचा गोळ्यांचा डबा भरायला बसते. सात दिवसांचे कप्पे, त्यात सकाळ-दुपार-रात्र. गेल्या वर्षी समोर अकरा स्ट्रिपा असायच्या. बीपीच्या दोन, शुगरच्या दोन, रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची, थायरॉईडची, कॅल्शियमची, ॲसिडिटीची, आणि शेवटी आलेल्या दोन, त्यांचीच गोष्ट सांगायचीय तुम्हाला.

झालं असं की आईच्या पायांवर सूज यायला लागली. दुसऱ्याच कशासाठी तरी दाखवायला गेलो होतो, तिथल्या डॉक्टरांनी सूज बघितली आणि लघवी होऊन पाणी निघून जायची गोळी लिहिली. ती आई घ्यायची संध्याकाळी, कारण कधी घ्यायची ते कुणी सांगितलंच नव्हतं, मग रात्री चार-चार वेळा उठणं, झोपेचं खोबरं, म्हणून तिसऱ्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. आणि एका रात्री ती अर्धवट झोपेत बाथरूमला जाताना पडली. नशीब, हाड मोडलं नाही.

नंतर एका फार्मासिस्टने सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडून पाहिल्या आणि दोन मिनिटांत विचारलं, ही बीपीची अमलोडिपिन सुरू झाल्यावरच सूज आली का हो? हो, त्यानंतरच! अमलोडिपिनने पाय सुजू शकतात हे काही गुपित नाही, माहितीपत्रकात छापलेलं असतं, आणि त्या सुजेवर पाण्याच्या गोळीचा फारसा उपयोगही होत नाही. म्हणजे एका गोळीच्या साईड इफेक्टला नवा आजार समजून दुसरी दिली, दुसरीच्या त्रासावर तिसरी. डॉक्टरांनी मग बीपीची गोळी बदलली, पाण्याची बंद केली, झोपेची हळूहळू कमी करत सोडवली. आता नऊ आहेत. (आणि हो, थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यात चारेक तासांचं अंतर लागतं, हेही तेव्हाच कळलं. मी दोन्ही इमानेइतबारे एकाच कप्प्यात टाकत होते.)

यात कुठल्याच डॉक्टरचा मला राग येत नाही खरं तर. प्रत्येकाने आपापल्या समोरचं बघितलं. पूर्ण यादी बघणं हे कुणाचंच काम नव्हतं, आणि माझं भांडण तेवढ्याचसाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी गंभीर पण टाळता येण्यासारखी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायची मोहीम काढली होती. औषधांच्या चुकांचा जगाचा खर्च तेव्हा वर्षाला 4,200 कोटी डॉलर धरला होता. त्यात तीन गोष्टींवर भर होता, जोखमीची औषधं आणि प्रसंग, एकाच वेळी अनेक औषधं, आणि पेशंट एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तो टप्पा. बरोबर नेम धरला होता. पाच वर्षं कधीच उलटली. आणि आमच्या वाट्याला काय येतं, तर पोस्टर. 'आपल्या औषधांची यादी सोबत ठेवा.' अहो, ठेवतो की! मी तर वहीच केलीय. पण समोरचा ती वही उघडून वाचणार असेल तर ना, त्याला पेशंटमागे पाच मिनिटं मिळतात.

काही देशांनी हे काम कुणाच्या तरी गळ्यात बांधलंय. ऑस्ट्रेलियात 2001 पासून फार्मासिस्ट घरी येऊन औषधं तपासतात आणि त्याचे पैसे सरकार देतं. इंग्लंडमध्ये 2021 च्या सरकारी आढाव्यात निघालं की फॅमिली डॉक्टरांकडच्या औषधांपैकी निदान 10 टक्के तरी लिहायची गरजच नव्हती, तिथेही आता फार्मासिस्ट बसून अख्खी यादी तपासतात. पैसे दिले म्हणून हे काम होतं, नुसत्या परिपत्रकाने होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा माझं मागणं असं की पाच किंवा जास्त औषधं चालू असलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तरी पूर्ण यादी तपासली जावी, नाव लावून, जबाबदारी घेऊन, आणि त्यात दुकानातून आपल्या मनाने आणलेली पेनकिलरसुद्धा धरली जावी. कारण गुडघे दुखतात म्हणून घेतलेली ती गोळी बीपीच्या काही गोळ्या आणि पाण्याची गोळी यांच्या जोडीला आली की किडनीला महागात पडू शकते, आणि रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर घेतली तर रक्तस्राव. दुसरं, डिस्चार्ज कार्डावर नुसती औषधांची रांग नको. नवीन काय, बंद काय केलं, डोस कशाचा बदलला आणि का, हे वेगवेगळं लिहा. आमच्याकडे एकदा हॉस्पिटलमधून आल्यावर जुनं औषध आणि तेच औषध नव्या कंपनीच्या नावाने, दोन्ही चार दिवस चालू होतं, रंग वेगळा, पाकीट वेगळं, कळणार कसं?

एक भीती मात्र आहे. हे पत्र वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या सोडायला नकोत, काही औषधं एकदम थांबवली तर जिवावर बेततं. बंद करणं हेही डॉक्टरचंच काम आहे, फक्त त्यासाठी त्यांना वेळ द्या आणि चिठ्ठीवर एक रकाना द्या. गोळीचं नाव असतं, डोस असतो, किती दिवसांची तेही असतं. 'कशासाठी' आणि 'पुन्हा कधी बघायचं' एवढं छापून घेता येईल का, तेवढं कळवा.

आपली,
अकराच्या नऊ झालेल्या गोळ्यांची हिशेबनीस