फणसाच्या पाठीचं मँडोलिन

वेंगुर्ला, २६ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

मँडोलिनचं काय झालं म्हणून तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. आता सांगायला हरकत नाही, कारण ते परत माझ्या मांडीवर आहे.

मृगाच्या पहिल्या पावसात मी ते पडवीत खुंटीला टांगलेलं विसरलो. आठवड्याने बघतो तर पाठ कडेने उकललेली, नख आत जाईल एवढी. तोंड लपवतच मेस्त्रींकडे नेलं. त्यांनी फटीत फुंकर घातली आणि म्हणाले, "बरा झाला, सरस सुटलो. फळी फुटाक नाय." ते अजून पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवलेला जुना सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्याचा चिकट डिंकच वापरतात. दमटीत तो हार मानतो, म्हणून लाकूड वाचतं. मी लगेच चिकटवून मागितलं, तर म्हणे, "पावसात सरस सुकाचो नाय. दसऱ्याक येवा."

चार महिने, मित्रा! गणपतीतसुद्धा नुसता टाळ वाजवला.

दसऱ्यानंतर गेलो तो दिवसभर तिथेच बसलो. पाठ फणसाची, नवी असताना हळदीसारखी पिवळी होती, आता तांबूस होत चाललीय. वरचा तक्ता मात्र स्प्रूसच्या लाकडाचा. पाठ काढलीच आहे म्हणून त्यांनी तो आतून जरा खरवडायला घेतला. पात्याचे दोन हात, मग उलट्या बोटाने टकटक, कान जवळ. आई फणस पिकलाय का बघते ना, अगदी तस्सं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आता बोलता."

तारा जिच्यावर टेकतात ती घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी राहते. मेरूपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंत (मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत) जेवढं अंतर, तेवढंच तिथून घोडीपर्यंत हवं, नाहीतर वरचे सूर खोटे लागतात. ते केसभर सरकवण्यातच संध्याकाळ गेली.

आवाज? तारा जोडीजोडीने असतात ना, त्यातली खर्जाची जोडी आता घुमते. शेवटची जोडी अजून त्रास देते, दोन तारा जुळल्या म्हणेपर्यंत एक उतरते. मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या यू. श्रीनिवास यांनी जोड्या काढून पाच सुट्या तारा का लावल्या असतील ते पटतं. पण जोडतारांची ती थरथर मला सोडवत नाही.

दिवाळीला येताना मुंबईहून तारांचा एक सेट आण. टोकाला कडी असलेल्या बघ, गिटारच्या गोळीवाल्या इथे बसत नाहीत. आणि मेस्त्रींसाठी अर्धा किलो बेसनाचे लाडू. पैसे त्यांनी घेतलेच नाहीत.

तुझाच