ताप अंगावर काढू नकोस

कुडाळ,
८ जुलै २०२५

प्रिय बाबू,
अनेक आशीर्वाद.

परवा एकादशीला फोनवर बोलता बोलता तू सहज म्हणालास, "जूनमध्ये तीन दिवस ताप होता, रूमवर पडून होतो. पार्टनरने अंगदुखीची गोळी दिली, उतरला." पुढे तू ऑफिसचं सांगत राहिलास, पण माझं मन त्या तापापाशीच अडकलं. तेव्हाच बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे. शेजारचे काका गुरुवारी पुण्याला निघालेत, त्यांच्याबरोबर खोकं पाठवते. आगळ आणि कुळथाचं पीठ तू मागितलं होतंस, बाकीचं मी माझ्या मनाने घातलं आहे.

तुला धाकटा मामा किती आठवतो? तो गेला तेव्हा तू पाचवीत होतास. मामाला कावीळ झाली, एवढंच तुला सांगितलं होतं. खरं तर तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होता.

लावणीचे दिवस होते. मामा सकाळपासून भाताच्या कुणग्यात, गुडघाभर चिखलात, पॉवर टिलरमागे. टाचांना भेगा. उंदरांचं, गुरांचं मूत शेतातल्या पाण्यात मिसळतं आणि त्यातले जंतू भेगेतून, ओरखड्यातून, भिजून मऊ पडलेल्या कातडीतूनही आत शिरतात. बहुतेक वेळा आठ-दहा दिवस काही कळत नाही, मग एकदम थंडी भरून ताप. तिसऱ्या दिवशी मी माहेरी गेले तर तो पडवीत बसून पोटऱ्या दाबत होता. डोळे लाल. डोळे आल्यावर चिपडं येतात तशी नव्हती, पाणीही नव्हतं, नुसते लाल. मी म्हटलं, चल, दवाखान्यात जाऊ. तर म्हणाला, "माका काय्येक झाला नाय गो, कामाचो ताप तो. तरवो संपलो काय जातंय." लावणी उरकली की जाईन, म्हणे.

आणि मी ऐकलं. पोटऱ्या दुखणं, लाल डोळे, थंडीताप, हे सगळं मी त्याच महिन्यात आरोग्यसेविका म्हणून घरोघरी सांगत फिरत होते. सख्ख्या भावाच्या डोळ्यांत तेच दिसत असताना मी संध्याकाळच्या एसटीने परत आले.

दोन दिवसांनी त्याचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून कुणी झाडपाला दिला, त्यात आणखी दीड दिवस गेला. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत लघवी बंद झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी डायलिसिस केलं, शर्थ केली. पाचव्या दिवशी तो गेला. बारावं झाल्यावर घर आवरताना देवळीत, तंबाखूच्या डबीखाली, मला डॉक्सीसायक्लिनचं पाकीट सापडलं. लावणीच्या आधी त्यांच्या गावच्या आरोग्यसेवकाने वाटलेलं. शेतात उतरणाऱ्याने आठवड्यातून एकदा, जेवण झाल्यावर भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं औषध. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. ते मी अजून कपाटात ठेवलं आहे.

लेप्टोला साधी, स्वस्त औषधं लागू पडतात, फक्त ती लवकर सुरू व्हावी लागतात. म्हणून "ताप अंगावर काढला" हे शब्द कुणाच्याही तोंडून आले की माझ्या पोटात खड्डा पडतो. परवा ते तुझ्या तोंडून आले.

पुण्यात कुठे आलाय चिखल, असं म्हणू नकोस. गेल्या वर्षी २५ जुलैला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा मित्राचं सामान काढायला तूच गेला होतास ना? कमरेएवढ्या पाण्यात, पायात फ्लोटर. मदतीला गेलास याचा मला अभिमान वाटला. पण त्या पाण्यात गटार होतं, उंदीर होते, कुत्री होती. पुन्हा तशी वेळ आली तर जाच, पण गमबूट घाल, जखमेवर जलरोधक पट्टी लाव, आल्याबरोबर साबणाने पाय धू आणि डॉक्टरांना भेटून सांग की पुराच्या पाण्यात उतरलो होतो. गोळी द्यायची की नाही ते ठरवतील. पुढच्या महिनाभरात ताप आला तर पहिलं वाक्य तेच सांग. डॉक्टरही माणूसच आहे, आपण सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार?

आता तुझ्या जूनच्या तापाकडे येते. तो काय होता ते आता कळायचं नाही. पण पुण्यात या दिवसांत ताप म्हटला की मला आधी डेंग्यू आठवतो, आणि डेंग्यूत अंगदुखीची गोळी हीच सगळ्यात वाईट. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ते खोक्यात ठेवलं आहे, थर्मामीटरही आहे. हात लावून ताप मोजू नकोस.

आणि एक गोष्ट, जी शिकलेल्या माणसांनाही मला परत परत सांगावी लागते. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा धोका संपत नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि त्यानंतरचा एक-दोन दिवसांचा काळ खरा जोखमीचा असतो. रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं. पोटात जोराने दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, माणूस गळून जातो. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. "उतरला" म्हणून तू बाइकवर बसून ऑफिसला गेलास, ते दिवस कदाचित हेच असतील, हे मनात येऊन परवा रात्री मला झोप लागली नाही.

तापाच्या पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-वन तपासणी होते, रक्त दे. प्लेटलेटच्या आकड्यापायी घरोघरी नुसती धावाधाव चालते. आकडा डॉक्टर बघतील, तू पाणी, पेज, शहाळं चालू ठेव आणि लघवीकडे लक्ष दे.

डासाचं मात्र तुझ्या हातात आहे. हा डास दिवसा चावतो, संध्याकाळी खिडक्या लावून भागत नाही. तो गटारात वाढत नाही, तुमच्या घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. सर्वेक्षणाला गेलं की मी पिंपात बॅटरी मारते. अळ्या पाण्याच्या वरच्या थरापाशी शेपूट वर करून लटकलेल्या असतात; सावली पडली की वळवळत तळाला जातात, थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. घरातल्या बाईला मी हे हमखास दाखवते. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की मग सांगावं लागत नाही. अंड्यापासून डास व्हायला या हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस. तुम्ही चौघं पोरं राहता, रविवार धरा. पण नुसतं पाणी ओतू नका. मादी अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते आणि ती अंडी कोरडी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या तयार. म्हणून ब्रशने घासायचं, आणि अळ्यांचं पाणी कोरड्या मातीवर ओतायचं. तुझ्या व्हिडिओ कॉलवर मला खिडकीत मनीप्लांटची बाटली दिसते, तीही घे. फ्रिजच्या मागचा ट्रे तुम्ही भाड्याने घर घेतल्यापासून कुणी ओढून तरी पाहिला आहे का? डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका, तिन्ही याच डासाचे. झिका राज्यात पहिल्यांदा २०२१ मध्ये सापडला तो तुमच्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या बेलसरला.

मच्छरदाणी धाडली आहे. रात्रपाळी करून दिवसा झोपतोस तेव्हा लाव.

पाण्याचं थोडक्यात. यंदा जानेवारीत तुमच्या धायरी, किरकटवाडी, नांदेडगावच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गिलाँ-बारे आजाराचे रुग्ण निघाले तेव्हा तू पंधरा दिवस पाणी उकळून प्यायलास, मग सोडलंस. पावसाळ्यात तरी सोडू नकोस. खळखळ उकळी आली की मिनिटभर तशीच राहू दे, झाकून गार कर, पेल्याने न काढता दांड्याच्या ओगराळ्याने काढ. इथे आमचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर पाण्यातल्या क्लोरीनची ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं दिसलं की मला समाधान वाटतं. तुमच्या सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरींना विचार. विचारायला लाजू नकोस, तू भाडं भरतोस.

जुलाब लागले तर ओआरएसची पाकिटं आहेत. एक पाकीट एक लिटर पाण्यात, चोवीस तासांत संपवायचं, उरलेलं फेकायचं. साखर-मीठ म्हणून हलकं समजू नकोस. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात हेच पाणी कालवून लोकांना पाजलं आणि मरणारी माणसं वाचवली. आम्हाला प्रशिक्षणात हे शिकवलं तेव्हापासून ते पाकीट हातात घेतलं की त्या माणसाची आठवण येते.

इथे तरवा काढणं सुरू आहे. तुझे बाबा यंदाही गमबूट घालायला कुरकुरत होते, पण घातले. सोमवारी जेवण झाल्यावर मी समोर उभी राहून त्यांना गोळी देते. ते काही बोलत नाहीत, मामाचं त्यांनाही आठवतं.

पुन्हा ताप आला तर पहिल्याच दिवशी मला कळव. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन कर. रात्रीचा फोन उचलायची मला सत्तावीस वर्षांची सवय आहे.

तुझी,
आई