परिचय मागितलास म्हणून

लालबाग, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय दिनू,

तुझं पत्र पोचलं. शाळेच्या मेळाव्यात डोळ्यांचा डॉक्टर म्हणून माझा सत्कार आणि सूत्रसंचालन तुझ्याकडे, म्हणून दहा ओळींत परिचय पाठव असा तुझा हुकूम. दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा वाचून मलाच वाटलं, हा कोण गृहस्थ? म्हणून हे पत्र. यातून तुझं तू निवड.

आधीच सांगतो, आजीला मध्ये आणू नकोस. 'आजीची दृष्टी गेली आणि छोट्या सुधीरने निश्चय केला' असलं काहीतरी तू लिहिणार, मला ठाऊक आहे. आजीचं गावी शिबिरात ऑपरेशन झालं होतं. मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून ती चहा बशीबाहेर ओतायची आणि आपण दोघं खिदळायचो. पुढे शिकल्यावर कळलं. त्या काळी मोतीबिंदू झालेलं भिंग काढून टाकत, पण त्या जागी दुसरं बसवत नसत. मग दहा नंबरचा चष्मा लागायचा आणि त्यातून सगळंच पावपटीने मोठं नि जवळ दिसायचं. बशी दिसायची तिथे नसायचीच. ते वाचलं त्या रात्री हसल्याची लाज वाटली, हे खरं. निश्चय वगैरे काही नाही.

डोळ्यांकडे मी आलो तो मार्कांमुळे. मला जनरल सर्जरी हवी होती, पोट उघडणारे लोक तेव्हा वाघ वाटायचे. माझा नंबर आला तेव्हा जे उरलं होतं ते घेतलं.

गिरणी संपाचं घालायचं तर घाल, पण थोडक्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मार्चमध्ये आपली दहावी. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आईच्या खाणावळीतली माणसं एकेक करत गावी गेली, तेव्हा घरात खरी ओढाताण सुरू झाली. बाबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत, वाळकेश्वरला एका इमारतीत वॉचमन झाले. 'बापाच्या हातातला धाग्याचा गुण पोराच्या हातात उतरला' असं मात्र म्हणू नकोस. बाबांना सुईत दोरा ओवता यायचा नाही, शर्टाचं बटण आई लावायची. त्यापेक्षा तुमच्या पोटमाळ्याचं लिही. बारावीचा अभ्यास मी तिथे केला, आणि रात्री अकराला काकू न विचारता चहा वर पाठवायच्या. तुझंच घर म्हणून लाजू नकोस.

परळला जी.एस. मेडिकलला प्रवेश मिळाला, म्हणजे घरापासून पायी. ट्रेनचा पास वाचला, याचाच आईला डॉक्टरकीपेक्षा जास्त आनंद.

एम.एस.ला असताना हात बसवायला आम्ही बोकडाचे डोळे वापरायचो. नाक्यावरचा खाटीक सकाळी सहाला डब्यात काढून ठेवायचा, मी बर्फ घालून घेऊन जायचो. एकदा सुट्टी होती म्हणून डबा घरी आणला. आईने तो जिन्यात ठेवायला लावला आणि मला अंघोळ करूनच आत घेतलं. त्या डोळ्यांवर मी दहा-शून्य नायलॉनचे टाके घालायला शिकलो. हा दोरा केसापेक्षा बारीक. मायक्रोस्कोपखाली नीट दिसतो, पण खाली पडला की गेला. भिंगामागचा पडदा तर त्याहून नाजूक, मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतका. नवं भिंग त्याच पडद्याच्या आधारावर बसतं.

तो पडदा माझ्या हातून फाटला, ते तुला कधी सांगितलं नाही. हॉस्पिटलचं नाव नको, चूक माझी होती. संगमेश्वरकडच्या एक मावशी होत्या. त्या दिवशी यादी लांबलचक, आणि त्याआधीची तीन ऑपरेशनं सुरेख झालेली, म्हणून मी जरा हवेत. मोतीबिंदूचा उरलेला गर ओढताना जरा जास्तच ओढलं. काळीभोर बाहुली एकदम वरच्या बाजूला खेचली गेली आणि जखमेतून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार बाहेर आली. डोळ्यातलं पाणी म्हणतो आपण, ते ते नव्हे. डोळ्याच्या आतली जेली. सर बाजूच्या टेबलावरून उठून आले, "हो बाजूला" एवढंच म्हणाले आणि पुढचा पाऊण तास ते निस्तरत बसले. मावशींना भिंग बसलं नाही. आजीसारखाच जाड चष्मा मिळाला. सहा आठवड्यांनी तपासायला आल्या तेव्हा माझ्यासाठी आमसुलं घेऊन आल्या होत्या. "दिसतंय हो डॉक्टर, पूर्वीपेक्षा बरं." ती पुडी महिनाभर टेबलाच्या खणात तशीच होती.

माझी ऑपरेशनं किती झाली हे विचारू नकोस. आकडा सांगितला की टाळ्या पडतात आणि त्यात मावशीही मोजल्या जातात.

कुणीतरी भाषणात सुश्रुताला आणणारच. हरकत नाही, पण तो मोतीबिंदू सुईने बाजूला ढकलायचा. आत कृत्रिम भिंग बसवलं ते हॅरॉल्ड रिडली या माणसाने, लंडनला, १९४९ साली. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात राहिले तरी डोळा बिथरत नाही, हे त्याने पाहिलं होतं. बरोबरीच्या डॉक्टरांनी त्याला वर्षानुवर्षं वेड्यात काढलं. मला हा माणूस फार आवडतो.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. हल्ली रात्री दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, कपाळ दुखतं, झोपलं की थांबतं, आणि 'मोतीबिंदू पिकला की येतो तुझ्याकडे' असं गमतीत लिहिलंयस. दिनू, पिकायची वाट बघायचे दिवस गेले, आणि हा मोतीबिंदू नसेलही. काकूंना शेवटी शेवटी बाजूचं दिसायचं नाही, दाराला खांदा लागायचा, आठवतं? मला काचबिंदूचा संशय आहे, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नजर जाते तो आजार, आणि तो घराण्यात चालत येऊ शकतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही, असलेली राखता येते. गुरुवारी सकाळी ये. त्याआधी डोंबिवलीत कुणाकडे गेलास तर हे सगळं सांग. डोळ्याच्या आतला कोपरा, म्हणजे जिथून आतलं पाणी निचरतं ती जागा, तपासल्याशिवाय बाहुली मोठी करायचे थेंब घालून घेऊ नकोस. कोपरा अरुंद निघाला तर लेझरने एक बारीक भोक पाडावं लागेल, पाच-दहा मिनिटांचं काम. आणि मध्येच डोळा लाल झाला, फार दुखलं, उलटी झाली, तर गुरुवार विसर. जवळच्या हॉस्पिटलात जा आणि मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

वहिनींना हे पत्र वाचायला दे, म्हणजे तू टाळणार नाहीस. दहा ओळी गुरुवारी हातात देईन. जुना चष्मा घेऊन ये.

तुझा,
सुधीर