बागेचे राहून गेले

मा. संपादक,
स. न.

आमच्या गावच्या आबांच्या निधनाची बातमी आपल्या अंकात वाचली. मथळा ‘१९७१च्या युद्धातील योद्धा हरपला’ आणि सोबत गणवेशातला जुना फोटो. बातमी खोटी नाही, पण गावातल्या निम्म्या लोकांनी तो फोटो ओळखलाच नाही. आम्हाला आबा माहीत ते डोक्याला टॉवेल, खाली खाकी अर्धी चड्डी आणि खांद्यावर आंबे उतरवायचा झेला, असे. मी त्यांचा शेजारी, निवृत्त शिक्षक. बातमीत राहून गेलेले थोडे लिहितो.

आधी युद्धाचेच. आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. डिसेंबर १९७१मध्ये ही पलटण पूर्व आघाडीवर, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्यासाठी पत्र धाडले, तेव्हा समोरच्या पाकिस्तानी बलुच पलटणीच्या अधिकाऱ्याने उत्तराच्या कागदात काडतूस गुंडाळून पाठवले, हा किस्सा प्रसिद्धच आहे. १५ ऑगस्टला आबा शाळेत तो सांगायचे आणि मुले विचारायची, पुढे काय झाले? “मंग काय, माजा पन पत्र आला,” म्हणत स्वारी थेट घराकडे वळायची. मार्गशीर्षात थोरली जन्मली होती. ते कळवणारे आंतर्देशीय पत्र त्यांच्या हाती पडले ते लढाई संपल्यावर. काकींना तेव्हा लिहिता येत नव्हते, म्हणून पत्र माझ्या वडिलांनी लिहून दिले होते. त्यात ‘मुलगी कोणासारखी दिसते’ एवढे तेवढे लिहायचे राहिले, याबद्दल आबा मला शेवटपर्यंत बोल लावत.

१९८४ साली हवालदार म्हणून सुटून आले. बाकीचे मुंबईला वॉचमनची नोकरी धरत होते, हे वरच्या कातळाकडे बघत बसायचे. १९९०मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना निघाली आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांनी हापूसची शंभर कलमे लावली. दहा मीटरवर एक, दोरी ताणून; पलटण उभी केल्यासारखी ओळ. कातळात खड्डे मारायला आमच्याकडे सुरुंग लावतात. आबांनी लावू दिला नाही, पहारीने खोदले. लढाईनंतर त्यांना स्फोटाचा आवाज नको वाटत असेल, असे मी एका भाषणात मोठ्या गहिवराने बोललो होतो. खाली उतरल्यावर काकी म्हणाल्या, “गुरुजी, सुरुंगवाला पैसं लय मागत होता.”

त्या बागेवर तीन मुलींची शिक्षणे आणि लग्ने झाली. फळ देठासकट उतरवायचे, चीक सालीवर सांडता कामा नये, पेटी भरताना फळ टाकायचे नाही, ठेवायचे. जावयांनाही यातून सूट नव्हती. काकींचे गुडघे गेल्यावर पहाटेचे पाणी, चूल, भाकरी सगळे आबांकडे आले. भाकऱ्या जाड व्हायच्या, पण आम्ही खात असू.

३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळ आले. दुपारपर्यंत एकसष्ट कलमे आडवी. आबा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे. दोन दिवस बागेकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी करवत, दोरखंड आणि गावातली चार पोरे घेऊन गेले. फांद्या छाटून भार कमी करायचा, खोड हळूहळू ओढून उभे करायचे, मुळांवर माती चढवायची, कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप. आठ दिवसांत बावीस झाडे उभी केली.

पंचनामा नंतर झाला. उभी केलेली बावीस झाडे पडलेल्यांत धरली गेली नाहीत. मी तावातावाने बोलायला निघालो, तर आबांनीच हात धरला. “झाड उभा हाय, तर पडला कसा लिवतील ते?” मला आजही हे पटलेले नाही. फळबागेला भरपाई जाहीर झाली ती हेक्टरी ५० हजार रुपये. हेक्टरी शंभर कलमे धरली, तर झाडाला पाचशे. नव्या कलमाला बरे पीक धरायला दहा वर्षे लागतात आणि इथे झाड एकोणतीस वर्षांचे होते. त्यातून जो माणूस हातपाय हलवतो त्याचे नुकसान कागदावर कमी दिसते. पंचनाम्यात ‘उभे केलेले झाड’ असा एक रकाना का असू नये? आपल्या वार्ताहराने हा विषय जरूर घ्यावा.

त्या बावीसांपैकी सतरा जगली. यंदाही त्यांवर आंबा होता. शेवटची पेटी भरली तेव्हा आबा खाटेवर पडून फळे मोजत होते.

जाता जाता एक दुरुस्ती. बातमीत ‘त्यांची दोन एकर बाग’ असे छापले आहे. बाग अडीच एकर आहे आणि सातबारा १९८४पासून काकींच्या नावावर आहे.

आपला,
एक वाचक
ता. दापोली, जि. रत्नागिरी